बोटीवर कान ठेवणारे आप्पा

आप्पांच्या खोलीत पापड खायला बंदी होती. पापडच नव्हे, चिवडा, फुटाणे, कुरडया, दाताखाली आवाज करणारं काहीही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी डब्यातला नागलीचा पापड मोडला, तर हा माणूस खुर्चीतून असा उठला की मला वाटलं, खोलीत साप निघाला. "पोरी, तू पापड मोडस तव्हय माले जंगल ऐकू येत नही," आप्पा म्हणाले. जंगल म्हणजे वनखात्याचा वायरलेस. त्या दिवसापासून मी वरण-भात आणायला लागले.

आमची खोली म्हणजे सातपुड्यातल्या एका तालुक्याचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष. नाव एवढं मोठं, खोली दहा बाय बाराची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी नवापूरकडची, तिथल्या आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या घरातली, कॉम्प्युटरचा कोर्स करून कंत्राटावर लागलेली. आप्पा म्हसावदच्या बाजूचे, सपाटीवरच्या शेतकऱ्याच्या घरातले. उभा जन्म पोलिसांच्या वायरलेसवर काढला आणि निवृत्तीनंतर कंत्राटावर आमच्याकडे आले. कागदोपत्री आम्ही दोघे एकाच पदावर होतो. प्रत्यक्षात मी शिकत होते आणि ते शिकवत असल्याचं कधी कबूल करत नव्हते.

टेबलावर तीन वायरलेस संच होते. एक पोलिसांचा, एक जंगलाचा आणि एक बोटीचा. नर्मदेला धरणाच्या पाण्याचा फुगवटा आल्यापासून काठावरच्या पाड्यांना रस्ता उरला नाही. मोबाईलची रेंजही नाही. तिथे आरोग्याची बोट फिरते. तिच्यावर एक सिस्टर, एक चालक, औषधाची पेटी आणि एक वायरलेस. पोलिसांचा संच दिवसभर बडबडत असे. जंगलाचा मधूनमधून बोले. बोटीचा संच तासन् तास गप्प. मला पहिल्यांदा वाटलं, तो बिघडलाय.

रोज सकाळी आल्यावर आप्पा पाच मिनिटं ओट्यावर उभे राहत. आज बाजार कुठला, धडगावकडून येणाऱ्या जीपांवर माणसं किती लटकलीत, तोरणमाळच्या अंगाला ढग आहेत की नाहीत, उन्हाळा असला तर डोंगरावर धूर दिसतोय का. मग आत येऊन तिन्ही संचांचे कान पिळत. बाजाराच्या दिवशी पोलीस मोठा, मोहाच्या दिवसांत जंगल मोठं, पावसाळ्यात बोट मोठी. कधी ते स्वतःशीच वाद घालत, एक बटण वाढवत, दुसरं उतरवत, पुन्हा पहिलं उतरवत. मी हसले की म्हणत, "कान दोनच शेतस. संच तीन शेतस. रोज एकाले नाराज करनं पडस." त्या नाराज होणाऱ्याची त्यांना दिवसभर चुटपुट लागून राही.

मधल्या काळात जिल्ह्याहून एक नवा संच आला. हा एकटाच सगळ्या चॅनेलवर आळीपाळीने फिरत राही आणि जिथे आवाज असेल तिथे थांबे. बसवायला आलेला तरुण इंजिनीअर मोठ्या उत्साहाने समजावत होता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, जो बोलत नाही त्याचं काय?" तो म्हणाला, "जो बोलत नाही त्याला काही अडचणच नाही ना, काका." आप्पांनी त्याला चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला गेले, परत आले आणि संचावर त्याचंच प्लॅस्टिक पुन्हा चढवलं. "हाऊ वरडनारासना सोयरा शे," म्हणाले. त्यानंतर त्या संचावर आम्ही छत्र्या वाळत घालायचो.

गप्प बसणाऱ्याशी आप्पांचं वेगळंच नातं होतं. दर दोन तासांनी ते स्वतः बोटीला हाक मारत. "बोट, आप्पा बोलतोय. काय चाललंय?" पलीकडून सिस्टर म्हणत, "काही नाही आप्पा." मग आप्पा नोंदवहीत वेळ घालून सुवाच्य अक्षरात लिहीत, "बोट: काही नाही." पानंच्या पानं "काही नाही"ने भरलेली. मी एकदा म्हटलं, "आप्पा, काही नाही हे लिहायचं कशाला?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, 'काही नाही' ऐकनं हाईच मन्ही नोकरी शे. बाकी वरडनं तर सगळा गाव ऐकस."

वायरलेसवर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. माझ्याशी अहिराणी आणि संचावर मराठी. सपाटीवरून डोंगरात आलेल्या सगळ्याच सरकारी माणसांची ही रीत. डोंगरात घरोघर पावरी बोलतात, मराठी फक्त शाळेची आणि साहेबांची. त्यामुळे संचावरून येणारा मराठी आवाज म्हणजे सरकारचा आवाज, असं काठावरची माणसं धरून चालतात. हे मला आता कळतं. तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आणि एक शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरत होतो. थांबा. "पोलीस, थांबा." "जंगल, थांबा." म्हणजे तुमचं बोलणं जरा राखून ठेवा, मी दुसऱ्याचं ऐकतोय, मग तुमच्याकडे येतो. वायरलेसवर बसणाऱ्या प्रत्येकाला तो अर्थ पाठ असतो. बोटीवरच्या सिस्टरलाही होता.

ती श्रावणातली एक दुपार होती, आणि बाजाराचा दिवस. पाऊस म्हणून बोट मोठी, बाजार म्हणून पोलीसही मोठा. आप्पांनी सकाळीच कपाळाला आठ्या घातल्या होत्या. दोन वाजायच्या सुमारास घाटात बाजाराची जीप दरीकडे कलंडली. तिथे पोचलेल्या पोलिसाचा हातातला संच लहान, बॅटरी मरत आलेली, मागे माणसांचा आकांत. किती जखमी, कुठल्या वळणावर, काहीच धड कळेना. आप्पा उजव्या हाताने लिहीत होते, कान संचाला लावून पुन्हा पुन्हा विचारत होते, "वळण कोणतं? वळण सांगा."

नेमकी त्याच वेळी बोट बोलली. सिस्टर नव्हे, चालक. सायसिंगदादा. त्याने त्याआधी संच कधी हातात घेतला नव्हता. तो ओरडतच बोलत होता, "आप्पा, बाई घेतली, बाई घेतली, येतो..." एका पाड्यावर पहाटे बाळंत झालेल्या बाईचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टर तिच्यापाशी बसली होती, म्हणून संच त्याच्याकडे आला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळत होतं, की बोटीच्या ओरडण्यात वळण ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "आप्पा, बोटीचं नंतर!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने बोटीचा माईक उचलला आणि म्हणाले, "बोट, थांबा." आणि माझा हात बोटीच्या बटणावर गेला. मी आवाज उतरवला. पार बंद नाही, पण जवळजवळ. कोणी मला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन केलं, आणि तेव्हा वाटलं, किती हुशारीने केलं.

मग वळण सापडलं. दोन रुग्णवाहिका निघाल्या, तिसरी म्हसावदहून मागवली, जेसीबीवाल्याला फोन झाले. त्या दिवशी आप्पांना काम करताना पाहणं म्हणजे काय होतं ते मला सांगता येणार नाही. एकही शब्द वाया नाही, आवाज एकदाही चढला नाही. जीपमधली सगळी माणसं जगली. पुढे त्याबद्दल आमच्या कक्षाचं कौतुकही झालं.

पाऊण तासाने आप्पांनी पेन खाली ठेवलं, मान मोकळी केली आणि बोटीच्या संचाकडे हात नेला. बटण उतरलेलं लागलं. "हाऊ कोनी..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. माझ्याकडे बघितलं. आवाज वाढवला आणि माईक घेतला. "बोट, बोट, आप्पा बोलतोय."

थोड्या वेळाने सिस्टरचा आवाज आला. "आप्पा, आता घाई नाही. सावकाश गाडी पाठवा."

आप्पांनी विचारलं, "तुम्ही कुठे आहात?"

"तिथेच. मधेच. तुम्ही थांबा म्हणालात ना. इंजिन बंद आहे. मी किती हाका मारल्या, आप्पा."

सायसिंगदादाला आयुष्यात पहिल्यांदाच सरकारचा आवाज त्याच्या एकट्याशी बोलला होता, आणि तो म्हणाला होता, थांबा. त्याने भर पाण्यात बोट थांबवली. सिस्टरने तो शब्द स्वतः ऐकला नव्हता; विचारलं तर तो म्हणाला, वरून थांबायचा हुकूम आहे. पुढे धोका असेल, पाणी सोडलं असेल, उतरायची जागा बदलली असेल, तिला काय कळणार? ती आम्हाला विचारत राहिली. हुकूम मोडून चालू कर म्हणायचा तिचा धीर होईपर्यंत बाई गेली होती. त्या बाईचं नाव जमना. तिची तान्ही मुलगी सासूच्या मांडीवर होती, ती जगली.

मी त्या खोलीत रडले. आप्पा रडले नाहीत. त्यांनी नोंदवही ओढली आणि वेळ घालून त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, "बोटीस थांबा असे सांगितले." 

चौकशी लागली. चौकशीचा रोख कुठे जाणार हे उघड होतं. चालत्या बोटीचं इंजिन चालकाने विनाकारण बंद केलं, असा कागद तयार झाला. सायसिंगदादा एकच वाक्य म्हणत होता, "आप्पा थांब बोलला." एवढा मोठा माणूस बोटीत रोगी असताना थांब कसा म्हणेल, असं त्यालाच उलट विचारलं गेलं. मला आप्पांच्या शेजारी राहणारे एक लिपिक हळूच म्हणाले, "तुम्ही दोघं गप्प बसा. वही कोणी मागितलेली नाही." डॉक्टरांचंही म्हणणं होतं, की रक्त फार गेलं होतं, वेळेवर आणली असती तरी कदाचित हाती लागली नसती. मी त्या "कदाचित"ला घट्ट धरून बसले. आप्पांनी तो शब्द माझ्यासमोर एकदाच उच्चारला. "कदाचित वाचती बी," म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी न मागितलेली वही काखेत घेऊन ते स्वतः साहेबांपुढे गेले. जबाब लिहून दिला. थांबा मी म्हणालो. आवाज मी कमी केला. चालकाने हुकूम पाळला, त्याचा दोष नाही. तो जबाब मी नंतर वाचला. त्यात माझं नावच नव्हतं. हजेरीपटावर माझी सही होती, पण हजेरीपट कोण उघडून बघतं?

मी बोलायला हवं होतं. तेव्हाच, त्याच दिवशी. कंत्राटाचं नूतनीकरण महिन्यावर आलं होतं, घरी आईचं ऑपरेशन व्हायचं होतं, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले आणि ती सगळी खरी होती. खरी कारणं असली की गप्प बसणं फार सोपं जातं.

सायसिंगदादाचं काम राहिलं. आप्पांचं गेलं. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर आणि उशाला घ्यायची छोटी गादी एका पिशवीत भरली. भिंतीवर कागद चिकटवला: "बोटीस थांबा म्हणू नये. 'तुम्ही चालत राहा, मी ऐकतो आहे' असे म्हणावे." मग पिशवी उचलली. मी दारात उभी राहिले आणि एका दमात म्हणून टाकलं, "आप्पा, आवाज मी उतरवला होता."

"कोन म्हनस?"

"मी म्हणते. माझा हात होता."

"तू त्या टाइमले पानी भराले जायेल व्हती," आप्पा म्हणाले. इतक्या सहज, की क्षणभर मलाच वाटलं, गेले होते की काय. "तुले ध्यानमा नही. कळशी लिसन नळवर जायेल व्हती. मन्हा हात व्हता तो." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हाताचं बोट वर केलं, जसं ते संच बोलायला लागला की करत. संच बोलत नव्हता. "बोटले हाक मारानी येळ व्हयनी," म्हणाले. "मार." मी आत जाऊन हाक मारली. बाहेर आले तोवर ते शहाद्याच्या जीपमध्ये बसले होते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. त्यांच्या गावी, पपईच्या बागेला लागून त्यांचं घर. वाळून काटकी झाले होते. सून म्हणाली, जेवत नाहीत, पण महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत केळी भरून डोंगरात कुठेतरी जातात, अडवलं तर ऐकत नाहीत. मी विचारलं, कुठे जाता? ते म्हणाले, "फिराले." मग तासभर मला बोटीबद्दल विचारत बसले. सिस्टर तीच आहे का, पाणी किती चढलंय, हाक कितीदा मारता. मी बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी एकदाही माझ्या बोलण्यात फट पडू दिली नाही. निघताना माझ्या हातात दोन पपया दिल्या आणि म्हणाले, "आते तू चांगली ऐकस, अशी ऐकेल शे." कोणाकडून ऐकलं, ते सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. आमच्या खान्देशात माणूस गेलं की लोक दारावर येतात, ओट्याखाली बसतात, काही बोलतात, काही नुसतेच बसून उठतात. मी गेले तेव्हा बायकांच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून कडेला निंबाखाली बसले. तिथे एक माणूस आधीच बसला होता. धोतर नवं, पायात चपला नाहीत. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून ओळखलं. सायसिंगदादा. बोट, जीप, एसटी, पुन्हा जीप असं करत तो दोन दिवसांत पोचला होता.

मी माझं नाव सांगितलं. "हां, तू रोज हाक मारते," तो म्हणाला. डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, त्यात मान कमी नसतो. मग तो आपल्या तुटक मराठीत आप्पांबद्दल सांगायला लागला. नोकरी सुटल्यावर आप्पा पहिल्यांदा बोटीत बसून जमनाच्या पाड्यावर आले. तिचा नवरा बाहेर आला. पाड्यातली माणसं जमली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते मराठीत बोलले आणि सायसिंगदादाने पावरीत सांगितलं. "तो बोलला, बाई माझ्यामुळे गेली. शब्द माझा, हात माझा. दुसऱ्या कोणाला बोलू नका. खोलीत मी एकटाच होतो."

नवऱ्याने काय केलं, मी विचारलं.

"काही नाही केलं. आत गेला. आप्पा बाहेर बसून राहिला, दिवसभर. संध्याकाळी त्यानं भाकर दिली. मग येत गेला. पोरीसाठी केळी आणायचा. पोरगी त्याच्या अंगावर चढायची. आमची भाषा शिकला थोडी. चुकीची बोलायचा, बायका हसायच्या."

ओट्यावर आप्पांचा मुलगा येणाऱ्यांना हात जोडत होता. सायसिंगदादाने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "तू त्या दिवशी सुट्टीवर होती ना?"

आप्पांनी माझ्यासाठी सगळीकडे जागा रिकामी करून ठेवली होती. जबाबात, पाड्यावर, माझ्या स्वतःच्या आठवणीतसुद्धा. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी तिथेच होते. बोटीचं नंतर, असं मीच म्हटलं. आवाज मी उतरवला. सिस्टर हाका मारत होती तेव्हा मी संचाच्या शेजारी बसले होते."

तो जमिनीवरच्या निंबोळ्या एक एक करून बाजूला सारत राहिला. मला वाटलं, आता उठून जाईल. तो उठलाच, धोतर झटकलं.

"मला सांगून काय," म्हणाला. "तिच्या नवऱ्याला सांग. मी पावरीत सांगेन. तू ये फक्त. मी नेतो."

मी येते म्हणाले. बोट आठवड्यातून दोनदा त्या पाड्याला लागते. मी रोज दर दोन तासांनी तिला हाक मारते, सायसिंगदादा आता स्वतः संचावर उत्तर देतो, आणि शेवटी दर वेळी विचारतो, "येते का?" मी म्हणते, पुढच्या फेरीला. आप्पा जाऊन आता दुसरा पावसाळा चालू आहे. मी अजून गेलेले नाही.